ऐकू आलं की दाब

कॉफी चुकून आली. रिसेप्शनवरची बाई दोन हातांत दोन कप घेऊन खांद्यानं दार ढकलत आत आली, स्वतःचा कप कान तपासणाऱ्या हिच्या टेबलावर ठेवला आणि हिचा घेऊन परत गेली. बाहेर फोन वाजत होता, कुठला कप कुणाचा हे बघायला तिला सवड नव्हती. हिलाही बघायची गरज नव्हती. कानाच्या या दवाखान्यात लागल्यापासून हिच्या कपात गरम पाण्याशिवाय दुसरं काही आलंच नव्हतं. इतकं, की सगळे हिला 'गरमपाणी'च म्हणत. डॉक्टरसुद्धा एकदा पेशंटसमोर म्हणून गेले होते आणि मग उगाच चष्मा पुसत बसले होते. समोर सकाळच्या पेशंटच्या ऐकण्याचा आलेख होता. डावा कान निळा, उजवा लाल, दोन्ही रेघा जिना उतरावा तशा उजवीकडे खाली खाली गेलेल्या. त्या रेघांवर डोळे ठेवूनच तिनं कप उचलला. सर्दीनं नाक चोंदलेलं, त्यामुळे वास आला नाही. मोठा घोट तोंडात गेला, कडू लागला, आणि जीभ काय ते ओळखेपर्यंत गळ्याखाली उतरलाही.

मग ती थांबली. हातातून काच निसटली की फुटल्याचा आवाज कानी पडेपर्यंत माणूस जसं मान आखडून थांबतं, तशी. चाळिशी उलटली होती, आणि हा जन्मातला पहिला घोट. जन्म मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या घरातला. त्या घरात चहा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखूचं तर नावच नाही. चॉकलेटच्या वेष्टणावरचं बारीक अक्षरसुद्धा आई खिडकीशी नेऊन वाचायची, कॉफीचा अंश असला तर चॉकलेट परत कागदात जायचं आणि शेजारच्या मुलांना मिळायचं. ते चर्च सोडून आता दोन वर्षं होत आली होती. मग हा घोट कुणाचा नियम मोडून आत गेला? कुणाचाच नाही. तरी ती थांबली होती. काहीतरी व्हायला हवं होतं, छातीत धस्स तरी, नाहीतर मोकळं मोकळं तरी. झालं काहीच नाही. घोट उतरत गेला, छातीच्या मधोमध जरा ऊन पडल्यासारखं झालं, आणि विझलं. बाहेर कुणीतरी खोकलं. तिनं दुसरा घोट घेतला, पहिल्याची खबर आणायला पाठवावा तसा. त्यानंही येऊन काही सांगितलं नाही.

"अगं, माझी कॉफी," रिसेप्शनवरची दारात उभी होती, हातात गरम पाण्याचा कप. "तू प्यालीस?"

"प्याले."

"मग?"

"साखर कमी होती."

"अरे देवा. गरमपाणी बिघडलं." ती हसली, मग हिच्या चेहऱ्याकडे बघून हसणं जरा आवरलं. "बरं, उद्यापासून काय देऊ?"

"विचार करून सांगते."

"कॉफीचा काय विचार करायचा? मी तर विचार करायला कॉफी पिते बाई."

ती गेली, पण प्रश्न टेबलावरच राहिला, कपाच्या बुडाचा ओला गोल राहतो तसा. उद्यापासून काय देऊ. इतका साधा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. आधी विचारायची गरज नव्हती, आणि नंतर तिनं स्वतःलाही विचारला नव्हता. चर्च सोडलं म्हणजे तिनं फक्त तिथं जाणं सोडलं. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, भाडेकरू निघून गेला तरी दारावरची पाटी राहते तसं. रविवारी ती अजून दुकानात जात नव्हती. बाह्या अजून दंडाखाली होत्या. त्या पंथाच्या मंदिरात विधीनंतर मिळालेले ते पांढरे आतले कपडे, जे दिवसरात्र अंगात असायचे, ते घालणं तिनं थांबवलं, घडी करून फडताळात वर ठेवले, आणि साधे घ्यायला ती एका मोठ्या दुकानात गेली. रॅकमागून रॅक, जाळीचे, लेसचे, रंगांचे. दुकानातली पोरगी मागे मागे. "कसे हवेत मॅडम? रोजच्याला की खास?" खास म्हणजे काय आणि रोजचं म्हणजे काय, हे तिला सांगता येईना. तिच्याकडे आजवर एकच प्रकार होता आणि तो रोजचाही होता, खासही होता. तासभर हिंडून शेवटी तिनं जे उचललं ते जवळजवळ तसंच होतं. पांढरं, बाह्यांचं, लांब. पोरगी बिल करताना म्हणाली, "आईसाठी घेताय का?" ती हो म्हणाली. घरी येऊन ते घातलं आणि आरशासमोर उभी राहिली. अंगाला काही कळलं नाही. कापडाला कापड लागलं, एवढंच.

तिला एक ऊब आठवत होती. लहानपणी आईनं शिकवलेली. काय करावं कळत नसलं की गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, विचारायचं, आणि वाट बघायची. छातीत ऊब आली की समजायचं, बरोबर आहे. नाही आली की नाही. त्या उबेवर तिनं कॉलेज निवडलं, हे काम निवडलं, एक चांगला मुलगा नको म्हणाली, राहतं घर घेतलं. कुणी म्हणेल मनाचे खेळ. ती म्हणणार नाही. ती ऊब खरी होती, तिला ती नीट आठवते. थंडीत आई अंथरुणात शिरायची आणि हिचे गार पाय आपल्या पोटऱ्यांमध्ये घ्यायची, तशी होती. मग ती यायची कमी झाली. दिवा एकदम जात नाही कधी कधी, नुसता पिवळा पिवळा होत जातो, आणि माणूस त्याच उजेडात पुस्तक डोळ्यांच्या जवळ जवळ आणत राहतं. तसं ती कितीतरी दिवस करत राहिली. ऊब आली नाही तरी आली असं धरून चालत राहिली.

हे धरून चालणं तिला कामामुळे चांगलं माहीत होतं. ऐकण्याच्या चाचणीत माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवतात, कानांना हेडफोन, हातात वायरीचं एक बटण. "बारीक टूं असा आवाज येईल. ऐकू आलं की दाबा. नाही आलं की दाबायचं नाही." बाहेर तिच्यापुढच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. सोपं आहे. पण जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी आवाज नसताना दाबतो. मुद्दाम नाही. शांततेत बसून बसून कान स्वतःच आवाज करायला लागतो, आणि माणसाला वाटतं, आला बहुतेक, आपलं चुकायला नको. कुणी तर तिच्या चेहऱ्याकडे बघून दाबतात. म्हणून ती खुर्ची आडवी फिरवून बसते. हिरवा दिवा लागतो, यंत्रात आवाज नसतो, आणि ती कागदावर काही न लिहिता पुढे जाते. दोष देत नाही. तिनं स्वतः किती वर्षं दाबलं होतं ते तिला माहीत होतं.

जुन्या चर्चमध्ये महिन्यातल्या एका रविवारी लोक एकेक करून माइकसमोर जात आणि साक्ष देत. साक्ष म्हणजे काय, तर 'मला ठाऊक आहे' असं म्हणायचं. मला वाटतं असं नाही, माझा विश्वास आहे असंही नाही, ठाऊक आहे. अगदी लहान मुलंसुद्धा जात. ती पहिल्यांदा गेली तेव्हा माइकपर्यंत पोचत नव्हती, स्टुलावर उभी केली होती, आणि आई मागे वाकून तिच्या कानात कुजबुजत होती. आईचा श्वास कानाच्या पाळीला लागत होता. 'मला ठाऊक आहे,' आई म्हणाली. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. 'की देव माझ्यावर प्रेम करतो.' "की देव माझ्यावर प्रेम करतो." 'जरा मोठ्यानं,' आई म्हणाली. आणि तिनं माइकमध्ये तितक्याच भाबडेपणानं म्हटलं, "जरा मोठ्यानं." सगळं सभागृह हसलं. पुढे कित्येक वर्षं घरात ते चालायचं, भाऊ जेवताना मीठ मागायचा आणि कुणी लक्ष दिलं नाही की म्हणायचा, "मला ठाऊक आहे की मीठ तिकडे आहे, जरा मोठ्यानं." आई हसता हसता डोळे पुसायची. तोच माइक, तीच जागा, स्टूल नको एवढं वय झालेलं, आणि दोन वर्षांमागे एका रविवारी तिनं तोंड उघडलं तर 'ठाऊक' हा शब्दच येईना. शब्द दिसत होता, उचलता येत नव्हता. ती म्हणाली, "मला वाटतं," आणि खाली येऊन बसली. सगळे फार चांगले वागले. शेजारच्या बाईनं तिच्या हातावर हात ठेवला. त्या हाताचं वजन कळलं, ऊब कळली नाही.

चर्च सोडल्याचं आईला सांगितलं तेव्हा आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या मंदिरात लग्नं, आईबाप, लेकरं सगळी कायमची जोडली जातात, मेल्यानंतरही एकत्र राहतात, असं आईला ठाऊक होतं. ठाऊकच होतं, वाटत नव्हतं. आई फक्त म्हणाली, "म्हणजे तिथं आम्ही सगळे जेवायला बसू तेव्हा तुझी जागा रिकामी. मी ताटं किती मांडू?" ती जेवणाच्या टेबलाकडे बघत राहिली. रडू यायला हवं होतं. मीठदाणीचं झाकण सैल होतं, ते तिनं घट्ट केलं.

आता ती दुसऱ्या एका लहानशा मंडळीत जात होती, एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या. ख्रिस्तावरचा विश्वास गेला नव्हता. तो जाईल की काय म्हणून तिनं किती दिवस कानोसा घेतला होता, पण तो होता, भिंतीपलीकडे कुणी राहत असल्यासारखा. तिथले पाळक आठवडाभर सायकली दुरुस्त करायचे, प्रभूभोजनाची भाकर मोडताना त्यांच्या नखांच्या कडा काळ्या दिसायच्या. जुन्या चर्चमध्ये प्याल्यात पाणी असायचं. इथं पहिल्यांदा लाल द्राक्षरस ओठाला लागला तेव्हा ती दचकली होती, जीभ पाण्याच्या तयारीत होती. काही आठवड्यांनी तिनं पाळकांना गाठून सरळ विचारलं, काय चालतं आणि काय चालत नाही, ते एकदा सांगून टाका.

"तुला काय वाटतं?"

"वाटत नाही काही. म्हणून तर विचारतेय."

"मी सांगितलं तर तू ते माझ्यासाठी पाळशील."

"मग कुणासाठी पाळू?"

त्यांनी खुर्च्या एकात एक घालायचं थांबवलं. "समोर कोण आहे ते बघ आधी. येशूनं तेच केलं असतं असं मला आपलं वाटतं. समोरच्याशी खोटं वागायचं नाही, आणि त्याला पाडायचं नाही. या दोन्हींत बसेल ते खा, पी, घाल."

"आणि दोन्ही एका वेळी जमत नसलं तर?"

"तर प्रार्थना कर. आणि मला फोन करू नकोस, दुकानात फार आवाज असतो."

तिला राग आला होता. रागाच्या जागी जे काही येत असे ते आलं होतं. दुकानात गेलो आणि कशावरच किंमत लिहिलेली नाही, आणि दुकानदार म्हणतोय, तुम्हीच ठरवा, असं काहीतरी. पण एका रविवारी सगळे मिळून जेवत होते तेव्हा तिनं विचारलं, इथं कुणी वाइन आणत नाही, नियम आहे का? वाढणारी बाई म्हणाली, "नियम कसला. पेंटर येतो ना." टेबलाच्या टोकाला एक हडकुळा माणूस ब्रेड सूपमध्ये बुडवत होता, केसांत रंगाचा पांढरा ठिपका. दारू सोडून त्याला थोडीच वर्षं झाली होती. "आणि तो नसला की?" "नसला की असते. कधी असते, कधी नसते." बाई पुढे गेली. ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. नियमाला चेहरा असतो, केसांना रंग लागलेला असतो आणि तो एखाद्या रविवारी येतही नाही, हे तिच्या डोक्यात बसायला जागाच नव्हती.

कॉफी मंगळवारी प्याली, आणि बुधवारी भावाचा फोन आला. त्याची बदली परदेशी झाली होती. वहिनी, मुलं सगळीच जाणार. आईला नेता येत नव्हतं, आईला जायचंही नव्हतं. म्हणजे एक तर आई हिच्याकडे येईल, नाहीतर वृद्धाश्रमात जाईल.

"तू विचारलंस तिला?"

"विचारलं ताई. म्हणते, तिच्या घरी मी कशी राहू."

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, तिच्या स्वयंपाकघरात आता काय काय असेल." तो थांबला. "तूच बोल ना. नीट ऐकू येत नाही तिला हल्ली, ओरडून बोल. शुक्रवारी तशीही तुझ्याकडे कान तपासायला आणतोय. दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नाही. म्हणते, माझ्या कानात फक्त माझी लेक बोलेल."

तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं. काय काय होतं? डबे होते, आईच्या घरी होते तसेच, त्याच क्रमानं. वर्षभराचा साठा ठेवायची सवय, तीही सुटली नव्हती. तांदूळ, साखर, साबण, मेणबत्त्या. आईला डोळे बांधून इथं आणलं असतं तरी मीठ कुठं आहे ते सापडलं असतं.

मग आई फोनवर आली. मोठमोठ्यानं बोलत होती, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, समोरचाच बहिरा असल्यासारखी. "तू अजून पाळतेस ना गं? चर्चला नाही जात ते नाही जात. पण निदान ते तरी? खाण्यापिण्याचं?" ती म्हणाली, "आई, तसं नाही, आता मी..." "काय?" "म्हणजे नियम म्हणून नाही, पण..." "काय म्हणतेस? ऐकू नाही येत. पाळतेस ना?" ती ओरडली, "हो." एवढं एकच अक्षर त्या तारेतून जाण्याइतकं लहान होतं. "मग येईन मी," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजातली इतक्या दिवसांची अढी सुटल्याचं इथंपर्यंत ऐकू आलं. "राहीन तुझ्याकडे. पडदे मात्र धुऊन घे." फोन ठेवल्यावर ती तिथंच उभी राहिली. हिरवा दिवा लागला होता. यंत्रात आवाज नव्हता.

गुरुवारी रिसेप्शनवरचीनं विचारलं, "काय देऊ?" ती म्हणाली, कॉफी. का म्हणाली? आवडली होती म्हणावं तर तेवढी आवडलीही नव्हती. पण विचारल्यावर 'कॉफी' हा शब्द आपसूक आला होता, आणि कित्येक वर्षांत कुणी न शिकवता आलेला तो पहिला शब्द असावा, म्हणून तिनं तो परत घेतला नाही. प्याली. त्यानं अंगाला काही झालं नाही, देवाला काही झालं असेल असंही वाटलं नाही. सोडायचीच झाली तर उद्या सोडता आली असती. आईसाठी सोडता आली असती, त्यात जड काही नव्हतं. पेंटरसाठी सगळे सोडतात तशी. पाडायचं नाही, हे जमत होतं. पण 'हो' आधीच जाऊन बसलं होतं, आणि आई त्या 'हो'वर बोचकं बांधून यायला निघाली होती. खरं सांगावं तर आई वृद्धाश्रमात जाईल. नाही सांगावं तर आई येऊन राहील, आणि रोज सकाळी टेबलाच्या पलीकडे बसेल, आणि हिला रोज सकाळी बटण दाबावं लागेल. आई यावी असं तुला वाटतं का, संध्याकाळी घरी तिनं स्वतःला विचारलं, आणि जुन्या सवयीनं छातीशी लक्ष नेऊन वाट बघितली. काही आलं नाही. पण मघापासून आपण पडदे काढून घड्या घालतोय, हे तिच्या लक्षात आलं.

शुक्रवारी भाऊ आईला सोडून गाडी लावायला गेला. आई लहान झाली होती. स्वेटरची बटणं वरपर्यंत, हातात पर्स, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्यांचा डबा वाजत होता आणि तो तिला ऐकू येत नव्हता. रिसेप्शनवरचीनं अदबीनं विचारलं, "मावशी, चहा-कॉफी काही?" आईला एवढं मात्र ऐकू आलं. "नको. गरम पाणी." रिसेप्शनवरचीनं हिच्याकडे बघितलं, ओठ दाबून धरले, आणि दोन कप गरम पाणी आणून ठेवलं. न सांगता.

"वाळलीस," आई म्हणाली.

"तू वाळलीस."

"माझं वय आहे वाळायचं. पडदे धुतलेस?"

"धुतले."

काचेच्या खोलीत आई खुर्चीत बसली तर पाय जमिनीला पुरेनात. तिनं पायाखाली स्टूल दिलं. हेडफोन चढवताना आईचे केस मागे सारले. ते इतके मऊ झाले असतील असं तिला वाटलं नव्हतं. बटण हातात दिलं. "ऐकू आलं की दाब. नाही आलं की दाबू नकोस." आईनं समजल्यासारखी मान हलवली. ती बाहेर येऊन बसली, खुर्ची फिरवायचं राहिलंच, आवाज सोडला. हिरवा दिवा. कमी केला. दिवा. आणखी कमी केला. दिवा. मग तिनं काहीच सोडलं नाही, नुसता हात यंत्रावर ठेवला, तरी दिवा लागला. तिनं वर बघितलं. काचेपलीकडून आई तिच्याकडे बघत होती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ताठ. ती आत गेली.

"आई, आवाज नव्हता तेव्हा दाबलंस."

"नव्हता? मला वाटलं आला."

"माझ्याकडे बघून दाबतेस तू."

आई जरा ओशाळली. "तुझा चेहरा कसा होतो नाही आलं की. लहानपणापासून तसाच. म्हटलं दाबून टाकावं, तुला बरं वाटेल."

तिनं आईच्या हातातल्या बटणाची वायर सरळ केली. ती आधीच सरळ होती. किती जणांनी किती जणांना बरं वाटावं म्हणून. स्टुलावर ती उभी होती तेव्हा आईला बरं वाटावं म्हणून, आणि आईच्या मागे आणखी कुणी कुणी. बाहेर येऊन तिनं खुर्ची फिरवली, काचेकडे पाठ करून चाचणी पुन्हा घेतली. या वेळी दिवा क्वचित लागला. रेघ जिना उतरत खाली गेली, आणि खालच्या पायऱ्यांवर कुणीच नव्हतं.

मग शब्दांची चाचणी. यात बटण लागत नाही. ती माइकमध्ये शब्द म्हणते, तोंडापुढे पुठ्ठ्याचं कार्ड धरून, ओठ दिसू नयेत म्हणून. आतल्या माणसानं ऐकू येईल तसं परत म्हणायचं. ती काचेकडे तोंड करून बसली. "दार," ती म्हणाली. "दार," स्पीकरमधून आईचा आवाज आला. "पान." "पान." "वाट." "वाट." आवाज थोडा कमी केला. "ऊन." "ऊन." आई डोळे मिटून म्हणत होती, मनापासून, एकेक शब्द दोन्ही हातांत घेतल्यासारखा. तिच्या ध्यानात आलं, आता आपण आईच्या कानात बोलतोय आणि आई आपल्यामागे म्हणतेय. माइक, स्टूल. सगळं होतं. पुढचा शब्द 'दोर' होता. समोर कोण आहे ते बघ आधी.

"आई, मी कॉफी पिते," ती म्हणाली.

"आई, मी कॉफी पिते," आई म्हणाली.

आणि मग आईनं डोळे उघडले. कार्डावरून तिला आईचे डोळे दिसत होते, आईला तिचे. दवाखान्यात कुठंतरी खुर्ची सरकली. आईचं तोंड अर्धवट उघडं होतं, आत्ताच त्यातून निघालेल्या वाक्याची चव बघत असल्यासारखं.

"फोनवर हो म्हणाले ते खोटं होतं," ती म्हणाली. हे आईनं परत म्हटलं नाही. "तुझ्यासमोर पिणार नाही. घरात आणणार नाही. ते जमेल मला. पण पीत नाही असं म्हणणार नाही." कार्डाच्या आत तिचा श्वास गरम होऊन तिच्याच ओठांवर परत येत होता. आईनं खाली बघितलं, मांडीवरच्या बटणाकडे. अंगठा त्यावर होता. यंत्रावरचा दिवा काळाच राहिला. तिनं आईला कधी इतका वेळ न दाबता बसलेलं बघितलं नव्हतं.

"तरी येशील राहायला?" तिनं विचारलं. फार हळू. आवाजाची खुंटी कमीच होती, जिथं आईची रेघ संपत होती त्याच्याही जरा खाली असेल, नसेल.

पायाखालचं स्टूल किंचित हललं. मग तिनं मान वर केली, माइकच्या दिशेनं जरा पुढे वाकली, आणि स्पीकरमधून तो आवाज आला, भांडण नसलेला, हसूही नसलेला, किंवा असलेला, काही कळायला मार्ग नव्हता.

"जरा मोठ्यानं."

छातीत काय होतंय ते बघायचं तिचं राहूनच गेलं. तिनं तोंडापुढचं कार्ड टेबलावर पालथं ठेवलं, आणि जरा मोठ्यानं म्हणाली.